लाल मुठीवरचा हात

१

विद्यार्थ्यानं लाल मुठीला हात लावायचा नाही, आणि का लावायचा नाही हे विचारायचं नाही.

केंडीला हा नियम नोकरीच्या पहिल्या सकाळी सांगितला गेला, चहाचा कप हातात पडायच्याही आधी. सांगणारे होते कॅप्टन थुरानिरा. विमान चालवायला शिकवणारी ही शाळा त्यांची, धावपट्टी त्यांची, दोन म्हातारी विमानं त्यांची आणि शेवटचा शब्दही त्यांचाच.

"इंजिन सुरू करताना पोरानं लाल मूठ पूर्ण आत ढकलायची. बंद करताना पूर्ण बाहेर. मधलं काय ते मी बघतो."

"पण कॅप्टन, इतक्या उंचीवर तर—"

"'पण' नैरोबीच्या कॉलेजात ठेवून यायचा, पोरी. इथं तिमाऊच्या वाऱ्यात तो टिकत नाही."

ऑफिस सांभाळणाऱ्या वाचेराबाई खुदकन हसल्या. मेकॅनिक ओथिएनो हसले नाहीत. वयामुळे त्यांना सगळे म्झे म्हणत. ते तळलेली मांदाझी चहात बुडवत राहिले.

धावपट्टी सात हजार फूट उंचीवर होती. गव्हाच्या शेतांतून जाणारी मातीची पट्टी, टोकाला निलगिरीची रांग, मागे पर्वत. इथं हवा विरळ. इंजिनाला हवा कमी मिळते आणि पेट्रोल मात्र खालच्याइतकंच, मग ते गुदमरतं, खोकतं, जोर सोडतं. लाल मूठ थोडी बाहेर ओढली की पेट्रोल कमी होतं आणि इंजिन मोकळं होतं. मोंबासाच्या किनाऱ्यावर ही मूठ विसरली तरी चालून जातं. इथं दुपारच्या उन्हात, भरल्या टाकीनिशी विसरली, तर विमान निलगिरीच्या शेंड्यांवरून जाईल की शेंड्यांतून, हे सांगता येत नाही.

केंडीला हे पुस्तकातून माहीत होतं, कॅप्टनना चाळीस वर्षांच्या सवयीतून. सवय अशी, की उड्डाणाआधी उजव्या सीटवरून त्यांचा हात यायचा. विद्यार्थ्यानं आपला हात बाजूला घ्यायचा आणि समोर बघायचं. तो हात लाल मूठ हवी तेवढी ओढायचा आणि परत जायचा. एखाद्याला एकटं पाठवायचं असलं, तर कॅप्टन आधी मूठ लावून देत आणि इंजिन चालू असतानाच उतरत. काय केलं, किती केलं, का केलं, एक शब्द नाही.

केंडीच्या हवाली होता सिम्युलेटर. हँगरच्या मागे लोखंडी कंटेनर, त्यात खऱ्या विमानाचं पॅनेल, दोन सीट, समोर तीन पडदे. त्यातही लाल मूठ होती, पण 'आपोआप'वर टाकलेली. ती ओढा की ढकला, इंजिन एकाच सुरात गुणगुणत राहायचं. लहान पोरांच्या गाडीतलं स्टिअरिंग जेवढं खरं, तेवढीच ती मूठ खरी.

"आणि जेरोतिचची गोष्ट?" वाचेराबाईंनी आठवण केली.

"सांगतो ना." कॅप्टन म्हणाले. "चार वर्षांपूर्वीची. पहिल्या लांबच्या फेरीवर एकटी निघाली. नियम माहीत असून लाल मुठीला हात लावला. इंजिन बंद. पुढे निलगिरी." त्यांनी चहाचा घोट घेतला. "लांबच्या फेरीआधी प्रत्येक पोराला उभं करून ही गोष्ट सांगायची, आणि 'मी हात लावणार नाही' असं म्हणून घ्यायचं. आता सिम्युलेटर तुझा, म्हणजे गोष्टही तूच सांगायची."

२

केंडीनं बरेच दिवस निमूटपणे काम केलं. निमूटपणा तिच्या अंगात नव्हता, पण नोकरी नवी होती.

मग लांबच्या फेरीच्या तयारीसाठी नासेरियन आली. डोलडोलकडची, एकोणीस वर्षांची, उंच, आणि तोंडाला कुलूप नसलेली.

"टीचर, ही लाल मूठ कशाला?"

"सोड तिला. तिला हात लावायचा नाही."

"हात लावायचा नाही, तर बसवली कशाला? माझ्या बापाची निम्मी गुरं या शाळेच्या पोटात गेलीत. सगळ्या मुठी शिकवा की."

केंडी हसली, पण तिच्या कानशिलांशी गरम झालं. आपण अगदी कॅप्टनसारखं उत्तर दिलं होतं. आवाजसुद्धा तोच काढला होता.

त्याच दुपारी म्हातारी मंडळी हँगरच्या सावलीत मका-घेवड्याची गिथेरी खायला बसली, तेव्हा तिनं कंटेनरमध्ये जाऊन 'आपोआप' काढून टाकलं. विरळ हवेचे, तापलेल्या दुपारचे, भरल्या टाकीचे सगळे आकडे स्वतः भरले. मग डाव्या सीटवर बसली, नियमाप्रमाणे लाल मूठ पूर्ण आत ठेवली आणि विमान सोडलं.

ते रखडलं. पट्टी संपता संपता कसंबसं सुटलं, आणि पडद्यावर निलगिरीची पानं मोठी मोठी होत गेली. मग पडदा लाल झाला.

"शाब्बास!" केंडी मोठ्यानं म्हणाली. आता कुठे हे यंत्र खरं बोलायला लागलं होतं.

दुसऱ्या खेपेला तिनं मूठ हळूहळू ओढली. दोन बोटं बाहेर आल्यावर इंजिन मोकळं झालं. झाडं आरामात पोटाखालून गेली. मूठ तशीच दोन बोटं बाहेर ठेवून ती जेवायला गेली. बाहेरून कडी लावली होती.

परत आली तर मूठ आत होती. पूर्ण आत, अगदी दाबून बसवल्यासारखी.

तार सैल असेल, तिनं मनाशी म्हटलं. उन्हानं लोखंड फुगतं, सरकतं. कंटेनरचं छप्पर टक टक वाजत होतंच. तिनं मूठ पुन्हा ओढली, सोडली, आणि वाट बघत बसली. मूठ जागची हलली नाही. ती पाणी प्यायला दारापर्यंत जाऊन वळली.

मूठ आत.

३

तार सैल नव्हती. उलट इतकी घट्ट होती की ओढताना बोटं दुखत. केंडीनं ती काढली, पुसली, पुन्हा बसवली. यंत्राला कारण असतं, हे तिच्या शिक्षणाचं पहिलं वाक्य होतं, आणि कारण सापडेपर्यंत ती घाबरणार नव्हती. कोणाला सांगणारही नव्हती. सांगितलं तर 'आपोआप' परत येईल आणि नासेरियन शुक्रवारी पहिल्या लांबच्या फेरीवर जाईल ती लाल मूठ उड्डाणासाठी एकदाही स्वतः न ओढता.

म्हणून तिनं नासेरियनला गुपचूप शिकवायला घेतलं. शिकवायची ती दुपारीच, म्हातारी मंडळी पेंगत असताना.

"जोराची काळी मूठ पूर्ण आत. आता लाल. हळू. कान इंजिनाकडे."

नासेरियननं ओढली. जरा थांबली. भुवया चढवल्या.

"टीचर, तुम्ही धरलीय का पलीकडून?"

"मी? माझे दोन्ही हात मांडीवर आहेत."

"मग ही मागे का ढकलते?"

केंडीनं हात पुढे करून मूठ धरली. धातूची ती मूठ कोमट होती, नुकतीच कोणाच्या तरी तळव्यातून सुटल्यासारखी. ओढल्यावर ती अडत नव्हती. अडणं वेगळं. ही ओढावी तेवढ्याच जोरानं, शांतपणे, परत आत जात होती.

"स्प्रिंग आहे," केंडी म्हणाली. तिथं स्प्रिंग नव्हती. मूठ बसवणारी केंडी स्वतःच होती.

"आणि वास?" नासेरियननं नाक वर केलं. "पेट्रोल सांडलंय का?"

त्या खोलीत पेट्रोलचा थेंब नव्हता. वीज होती, वायरी होत्या, पडदे होते. तरीही वास होता, कच्च्या पेट्रोलचा, घशात उतरणारा. आणि त्याच वेळी केंडीच्या लक्षात आलं की स्पीकरमधून येणारा आवाज बदललाय. इंजिन अडखळत होतं. चार ठोके, मग एक ओला खोकला, पुन्हा चार ठोके.

संध्याकाळी तिनं यंत्रातल्या आवाजाच्या सगळ्या फायली एकेक करून ऐकल्या. सुरू होणारं इंजिन, चालणारं इंजिन, बंद होणारं इंजिन. साफ, कोरडे आवाज. खोकला कुठेही नव्हता.

४

"म्झे, हे पॅनेल कुठून आणलंत?"

ओथिएनो विमानाच्या पोटाखाली उताणे पडले होते. फक्त बूट दिसत होते.

"भंगारातून."

"कुठल्या भंगारातून?"

"भंगाराला गाव नसतं, पोरी."

"वाकलेलं होतं. मागच्या बाजूनं ठोकून सरळ केलंय तुम्ही. हातोडीच्या खुणा आहेत."

"तू पडद्यांकडे बघ. मागच्या बाजूला कशाला जातेस?"

वाचेराबाई चहाची किटली घेऊन आल्या. त्यांना गप्प बसवणं कुणालाच जमलं नव्हतं, आणि आज केंडीला ते जमवायचंही नव्हतं.

"जेरोतिच कशी होती, बाई?"

"गुणी गं. सांगितलं तेवढं करणार, एक शब्द जास्त नाही. तुझ्यासारखी नाही." त्यांनी डोळे मिचकावले. "त्या दिवशी बिचारी नकाशा विसरली. कॅप्टन सगळं लावून देऊन उतरले होते, जेवायलाही बसले होते. ही इंजिन बंद करून धावत ऑफिसात आली. 'बाई, नकाशा!' मीच दिला हातात. म्हटलं, कॅप्टनना बोलावू का? तर म्हणे, नको, जेवू दे त्यांना, मला येतं."

केंडीनं कप खाली ठेवला.

"म्हणजे इंजिन तिनं पुन्हा सुरू केलं. एकटीनं."

"मग? ढकलून का सुरू होतं?"

"सुरू करताना लाल मूठ पूर्ण आत." केंडी सावकाश म्हणाली. "आणि त्यानंतर ती बाहेर ओढायला उजव्या सीटवर कोणी नव्हतं."

वाचेराबाई किटलीचं झाकण उघडझाप करू लागल्या. ही बाई हिशेबाला पक्की होती, पण हा हिशेब तिनं चार वर्षांत कधी मांडला नव्हता, किंवा मांडून पुसला होता.

विमानाखालून ओथिएनोंचा आवाज आला. "वाचेरा, चहा निवतोय. जा तू."

५

गुरुवारी दुपारी केंडीनं कंटेनरचं दार आतून लावलं. ऊन माथ्यावर होतं. तिनं मूठ दोन बोटं बाहेर ओढली आणि तिच्या दांड्याला पक्क्या तारेचे वेढे दिले, असे की हातोडीनंही ती आत जाऊ नये. मग उजव्या सीटवर बसली. डाव्या सीटवर का बसली नाही, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. तार नीट दिसावी म्हणून, एवढं कारण तिला पुरलं.

इंजिन सुरू झालं. पडद्यावर पट्टी, गहू, निलगिरी. आवाज मोकळा होता. वास नव्हता. बघ, ती मनाशी म्हणाली, तारेचे चार वेढे आणि सगळं सरळ.

तेवढ्यात वीज गेली.

तिमाऊच्या बाजूला वीज जाणं ही काही बातमी नव्हे. पंखा थांबला, तिन्ही पडदे काळे झाले, पॅनेलवरचे दिवे विझले. छप्पर टक टक करत तापत होतं. दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती.

इंजिन चालू होतं.

चार ठोके, एक ओला खोकला. चार ठोके. केंडीनं वीज तोडायचं बटण दाबलं, स्पीकरची वायर उपटली आणि ती हातात धरून बसली. आवाज थांबला नाही. तो स्पीकरमधून येतच नव्हता. पॅनेलच्या मागून येत होता, हातोडीच्या खुणांकडून, आणि सीट त्याच्या तालावर थरथरत होती.

तारेचा एक वेढा सुटला. तुटला नाही, सुटला. कोणीतरी घाई न करता सोडवावा तसा. मग दुसरा.

केंडीनं डावीकडे बघितलं नाही. तिची मान तिकडे वळेना. पण समोरचा मधला पडदा काळा होता, आणि काळ्या काचेत खोली दिसते. तिला आपलं तोंड दिसलं, घामेजलेलं. शेजारी आणखी कोणीतरी दिसलं.

तोंड धूसर होतं, पण हात स्पष्ट दिसत होता. तळवा उघडा, लाल मुठीवर सपाट टेकलेला, मूठ पूर्ण आत दाबून. शिकवलं होतं अगदी तसं. आणि ते जे कोण होतं, ते समोर बघत नव्हतं. पट्टी, झाडं, कशाकडेच त्याचं लक्ष नव्हतं. त्याची मान उजवीकडे वळलेली होती, उजव्या सीटकडे. ते वाट बघत होतं.

इंजिन आणखी घोगरं झालं. ठोके तीनवर आले.

केंडीचा डावा हात आपोआप उठला. मदत करायला की दूर लोटायला, हे तिला नंतरही कळलं नाही. हात मुठीकडे सरकला, आणि काचेतल्या त्या हातानं शहाण्या विद्यार्थिनीसारखी जागा करून दिली. मुठीवरून उठून तो आपल्या मांडीवर गेला. धूसर तोंड समोर वळलं.

हात काढ. समोर बघ.

केंडीची बोटं मुठीपासून वीतभर अंतरावर थिजली. तेवढ्यात काळ्या पडद्यात, जिथं काहीच उजळलेलं नव्हतं तिथं, पानं मोठी मोठी होत आली.

दाराची कडी तिनं कशी काढली ते तिला आठवत नाही. ती गव्हाच्या कडेला गुडघ्यांवर बसून ओकली, भर उन्हात, आणि तिच्या अंगाला पेट्रोलचा वास येत होता.

६

शुक्रवारी आकाश निरभ्र होतं. विमानाची टाकी गळ्यापर्यंत भरलेली. नासेरियन नवा पांढरा शर्ट घालून हँगरसमोर उभी होती. कॅप्टन, ओथिएनो आणि वाचेराबाई नेहमीप्रमाणे तीन खुर्च्यांवर बसले होते. सकाळीच निघायचं ठरलं होतं, पण पट्टीवर गुरं आली, मग कुंपण पडलं, आणि बघता बघता दुपार झाली.

"सिम्युलेटरमध्ये तू काय उद्योग केलास ते मला कळलंय." कॅप्टन केंडीला म्हणाले. "'आपोआप' परत लाव. त्याचं नंतर बघू. आधी हिला गोष्ट सांग, उशीर होतोय."

नासेरियन ताठ उभी राहिली.

केंडीला रात्रभर झोप नव्हती. काल दुपारी जे दिसलं ते उष्म्यानं दिसलं, उपाशी पोटानं दिसलं, असं तिनं स्वतःला कितीदा तरी पटवून पाहिलं होतं. थोडं पटलंही होतं. पण पॅनेलच्या मागच्या हातोडीच्या खुणा उष्म्यानं उमटल्या नव्हत्या.

"म्झे," ती ओथिएनोंकडे वळली. "जेरोतिचच्या विमानाचं ते पॅनेल झाडांतून तुम्ही बाहेर काढलंत. लाल मूठ आत होती की बाहेर?"

"हा काय प्रश्न झाला?" कॅप्टन म्हणाले.

"साधा प्रश्न आहे. तिनं हात लावून इंजिन बंद केलं असेल, तर मूठ बाहेर असणार. तुमचं ऐकलं असेल, तर आत. वाकलेल्या पॅनेलमध्ये मूठ जागची हलत नाही. ती कुठे होती?"

ओथिएनोंनी आपल्या तळव्यांकडे बघितलं. तेल कधीच न निघालेले तळवे होते ते.

"कॉलेजात शिकून आलीस म्हणजे थोरामोठ्यांची उलटतपासणी घ्यायची?" वाचेराबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "मेलेल्या पोरीला झोपू दे गं."

"ती झोपलेली नाही, बाई. तुम्ही तिला झोपू दिलेलं नाही. तिच्या आईला काय सांगितलंत? हेच ना, की पोरगी आगाऊ होती? नियम मोडला, मेली?"

"केंडी." कॅप्टन उठून उभे राहिले. उंच माणूस. विद्यार्थ्यांची बोटं बाजूला करायला लावणारा त्यांचा तो हात खुर्चीच्या पाठीवर होता, आणि तो अगदी स्थिर होता. "मी ही शाळा उभी केली तेव्हा तुझा बाप शेळ्या राखत होता. मी मूठ लावून देतो. माझ्या हातानं. पोर सुखरूप जाते आणि येते. गोष्ट सांग."

"आणि इंजिन वाटेत बंद पडलं तर? दुसऱ्या गावाहून परत निघताना मूठ कोण लावून देणार? तिथंही तुम्ही पोचणार आहात का, हात घेऊन?"

"गोष्ट सांग, नाहीतर सामान बांध."

"सामान मी सकाळीच बांधलंय." केंडी म्हणाली. "गोष्ट मी सांगणार नाही. आज नाही, कधीच नाही. जेरोतिचनं उडताना मुठीला हात लावला नव्हता. लावला असता तर ती वाचली असती. आणि ही पोर स्वतःच्या हातानं ती मूठ ओढायला शिकल्याशिवाय इथून उडणार नाही. मला काढा, पण पुढचा जो कोणी येईल त्यालाही मी हेच सांगेन, आणि जेरोतिचच्या आईलाही जाऊन सांगेन."

वाऱ्यानं गहू एकदा लवला आणि सरळ झाला.

नासेरियननं तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. ओथिएनोंकडे, वाचेराबाईंकडे, शेवटी कॅप्टनकडे.

"मग खरं काय झालं होतं तिचं?" तिनं विचारलं.

कॅप्टनचं तोंड उघडलं. चाळीस वर्षं शेवटचा शब्द त्यांचा असायचा. ओथिएनो तळव्यांवरून नजर उचलेनात. वाचेराबाईंनी डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडाशी धरलं होतं.

नासेरियन उत्तराची वाट बघत उभी राहिली.